आईबाबांना अमेरिकेला पाठवताय? खुर्चीचे इंच असे मोजा

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आईबाबा पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, तेही थेट अमेरिकेला, बहिणीच्या बाळंतपणासाठी. गाव दारव्हा तालुक्यात. नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून नेवार्क, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात सलग पंधरा-सोळा तास. बाबा ६७ वर्षांचे, उंची पाच फूट दहा इंच, उजवा गुडघा दुखरा, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात. आई ६१ वर्षांची, उंची चार फूट अकरा, दिवसभर राबून संध्याकाळी पाय सुजतात. एजंट म्हणतो, दोघांनाही इमर्जन्सी दरवाजाजवळची जास्त जागेची सीट घ्या, थोडे पैसे जास्त लागतील पण पाय पसरून जातील. ती घ्यावी का, आणि नाही तर कोणती?

ती घेऊ नका. दरवाजाजवळच्या त्या जागा अशाच प्रवाशांना देतात, जे अडचणीच्या वेळी क्रूची सूचना क्षणात समजून घेऊन जड दरवाजा उघडायला हात लावू शकतील. व्हीलचेअर मागितलेल्या माणसाला तिथे बसवतच नाहीत, आणि तुमच्या बाबांसाठी व्हीलचेअर तुम्ही मागायलाच हवी. एजंटने पैसे घेऊन सीट दिली तरी विमानात चढल्यावर क्रू त्यांना तिथून उठवणार, आणि मग भरलेल्या विमानात जिथे उरली असेल तिथे, बहुधा दोघांना दोन टोकांना, दोन अनोळखी माणसांच्या मधे बसावं लागणार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय त्या सीटमध्ये जेवणाचा ट्रे आणि बऱ्याचदा स्क्रीनसुद्धा हातदांड्याच्या (आर्मरेस्टच्या) पोटात बसवलेला असतो. त्यामुळे हातदांडा भरीव असतो, वर उचलता येत नाही, आणि बसायची रुंदी बाकीच्या सीटपेक्षा कमी भरते. दरवाजाच्या फटीपाशी पावलं गार पडतात. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. टॉयलेट जवळ असेल तर रात्रभर लोक तिथेच उभे. पाच फूट दहाच्या धडधाकट तरुणाला ती जागा मानवेल, तुमच्या आईबाबांना नाही.

मी २६ वर्षं विमानाच्या आतल्या कामावर होतो. खुर्च्या खोलायच्या, फोम बदलायचा, मागे टेकण्याचं कुलूप अडकलं तर काढायचं, पुन्हा रुळावर बसवून बोल्ट कसायचे. निवृत्त झाल्यावर आर्वी तालुक्यात गावी परतलो. आता दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी ओसरीवर येऊन बसतं: मुलगा टेक्सासला, मुलगी न्यू जर्सीला, आम्हाला बोलावलंय, सीट कोणती घेऊ? त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट पहिल्यांदा सांगतो, ती तुम्हालाही सांगतो. तुमच्या आईबाबांसाठी पाय किती लांब पसरता येतात हे दुय्यम आहे. कुणालाही न उठवता त्यांना किती वेळा उठता येतं, हे बघा. सीट निवडताना बाकी सगळं याच्या मागून येतं.

आता इंचांचं बघू. जाहिरातीत आणि तिकिटाच्या पानावर जो आकडा दिसतो तो पिचचा. पिच म्हणजे एका खुर्चीवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या खुर्चीवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत, म्हणजे साध्या वर्गात, ते साधारण ३१ ते ३२ इंच असतं. लोक समजतात की एवढी जागा पायाला मिळते. तसं नाही, त्यात पाठीची जाडीही मोजलेली असते. जुन्या जाड पाठीची खुर्ची ३२ इंचांवर असेल आणि नव्या पातळ पाठीची ३० इंचांवर, तर गुडघ्यासमोरची जागा जवळपास सारखीच निघू शकते. खुर्च्या जमिनीतल्या रुळांवर बसतात आणि रुळांना इंचाइंचाच्या अंतराने खाचा असतात. म्हणून कंपनीने ठरवलं की आठवड्याभरात सगळी ओळ एक इंच पुढे सरकते, विमान तेच राहतं. (हे रूळ ज्या आडव्या तुळयांवर असतात, त्यांतल्या बोइंग ७८७ च्या कंपोझिट तुळया आपल्या नागपुरात, मिहानमधल्या टाटांच्या कारखान्यात बनल्या आहेत. गावातल्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.)

पातळ पाठीबद्दल एक भीती बऱ्याच जणांना वाटते, की ही खुर्ची कच्ची असेल. कच्ची नसते. आजच्या खुर्चीला पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट झटका सोसण्याची चाचणी पास करावी लागते. पातळपणाची किंमत आपल्या बसण्याच्या हाडांना मोजावी लागते. बैठकीचा फोम कमी जाडीचा असतो, आणि वापरून तो दबला की पाचव्या-सहाव्या तासाला खालची चौकट जाणवायला लागते. उपाय साधा आहे. घरून सुती कापडाची घडी किंवा पातळ उशी द्या, आणि विमानातलं पांघरूण अंगावर न घेता बैठकीखाली घालायला सांगा. पांघरूण दुसरं मागितलं तर मिळतं.

खरा फरक रुंदीत आहे, आणि रुंदी कुठेच ठळक लिहिलेली नसते. यासाठी एसटीचं उदाहरण घ्या. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर टू बाय टू गाडीही धावते आणि थ्री बाय टूही. गाडीची रुंदी तेवढीच. एका ओळीत चार बसले की खांदा मोकळा, पाच बसवले की कडेच्या माणसाचा अर्धा खांदा वाटेत. विमानात अगदी हेच झालंय. बोइंग ७७७ हे विमान १९९५ मध्ये सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ माणसं बसवत, तीन-तीन-तीन किंवा दोन-पाच-दोन, आणि प्रत्येकाला साडेअठरा इंचांच्या आसपास जागा मिळे. आज त्याच विमानात बहुतेक ठिकाणी दहा बसतात, तीन-चार-तीन. विमानाचा आतला भाग आडवा साधारण २३१ इंच आहे. दहा बैठका १७ इंचांच्या म्हणजे १७०, तेरा हातदांडे दोन-दोन इंचांचे म्हणजे २६, दोन वाटा मिळून ३४. झाली बेरीज २३०. कुठूनही इंच काढायला जागा नाही. आणि कष्टाचं काम केलेल्या पुरुषाचा खांदा अठरा इंचांहून जास्त भरतो. तुमच्या बाबांनी आयुष्यभर वखर-डवरा धरलाय, त्यांचा खांदा १७ इंचांत बसणार नाही. तो शेजाऱ्याच्या खांद्यावर किंवा वाटेत जाणार. वाटेतला बरा, पण खाण्याच्या गाडीचा धक्का लागतो. म्हणून गाडी येताना कोपर आत घ्यायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

बोइंग ७८७ हे ड्रीमलायनर मुळात दोन-चार-दोन अशा आठ जणांच्या ओळीसाठीही सोयीचं होतं. जपानमधल्या कंपन्यांनी तसं चालवलंही. पण बाकी जवळपास सगळ्यांनी नऊ बसवले, त्यामुळे तिथेही रुंदी सव्वासतराच्या आसपास येते. एअरबस ए३५० चा आतला भाग ७८७ पेक्षा थोडा रुंद आहे, म्हणून त्यात नऊ जण बसूनही साधारण १८ इंच मिळतात. ए३८० च्या खालच्या मजल्यावर दहा बसतात, पण विमानच एवढं रुंद की अठराच्या खाली जायची गरज पडत नाही. ए३३० मध्ये दोन-चार-दोन, रुंदी अठराच्या जवळपास. एक इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. एअरबसने २०१३ मध्ये लंडनच्या एका झोपेच्या केंद्राकडून अभ्यास करून घेतला होता. त्यात १७ ऐवजी १८ इंचांवर झोपेची प्रत ५३ टक्क्यांनी सुधारल्याचं सांगितलं गेलं. विमान विकणाऱ्यानेच करवून घेतलेला अभ्यास आहे, त्यामुळे तो आकडा मी जसाच्या तसा डोक्यावर घेत नाही. पण दिशा बरोबर आहे, हे माझ्या पाठीला आणि खांद्याला माहीत आहे.

किती कमी जागा चालेल याचा कायदा आहे का, असंही लोक विचारतात. अमेरिकेच्या संसदेने २०१८ च्या कायद्यात तिथल्या विमान प्राधिकरणाला खुर्चीची किमान मापं ठरवायला सांगितली. प्राधिकरणाने ओक्लाहोमा सिटीत ७७५ स्वयंसेवकांना घेऊन विमान किती लवकर रिकामं होतं याच्या चाचण्या केल्या. २०२२ मध्ये लोकांचं म्हणणं मागवलं तर २६ हजारांहून जास्त लोकांनी लिहिलं. प्रवाशांची एक संघटना कोर्टात गेली, पण २०२३ मध्ये कोर्टाने मापं ठरवण्याची सक्ती करायला नकार दिला. मला त्या चाचण्यांतली एक गोष्ट फार खटकते. स्वयंसेवक सगळे साठीच्या आतले आणि धडधाकट होते. दुखऱ्या गुडघ्याचा ६७ वर्षांचा माणूस किंवा चार फूट अकराची बाई त्या मोजणीत नव्हतीच. माझ्या मते ही मापं त्यांना बसवूनच घ्यायला हवी होती.

आईंच्या बाबतीत अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझी आत्या अशीच बुटकी होती, पाच फुटांच्या आत. ती मुलाकडे कॅनडाला गेली तेव्हा मी मोठ्या हौसेने तिला सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीट मिळवून दिली. पाय पसर म्हणालो, आरामात जा. तिकडे पोचल्यावर तिच्या पोटऱ्या आणि पावलं एवढी सुजली होती की चपलेत पाय जाईना, चार दिवस बिछान्यावर पाय उंच ठेवून काढले. परत आल्यावर तिने मला ओसरीवरच्या पलंगाच्या काठावर बसून दाखवलं. पाय जमिनीपासून तीन बोटं वर लोंबकळत होते. “असं चौदा घंटे बसली मी,” एवढंच म्हणाली. मी शेकडो खुर्च्या हातांनी बसवल्या होत्या, पण तिच्या बाजूने ती खुर्ची त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

होतं असं की, इकॉनॉमीच्या बैठकीची पुढची कड जमिनीपासून सुमारे १७-१८ इंच उंच असते. चार फूट अकराच्या बाईच्या गुडघ्यामागची उंची १४-१५ इंच. मग टाच टेकत नाही, मांडीचं सगळं वजन कडेवर येतं, आणि मांडीखालच्या शिरा तिथे दबतात. पायातलं रक्त वर चढायला आधीच त्रास, त्यात हा दाब. पाठ टेकवायला मागे सरकलं तर पाय आणखी लोंबतात, पाय टेकवायला पुढे सरकलं तर पाठ सुटते. अशा माणसाला समोर जास्त जागा देऊन काही उपयोग नाही. त्याला पायाखाली काहीतरी हवं. म्हणून आईंसाठी समोर दुसरी खुर्ची असलेली साधी सीटच चांगली. तिच्याखाली एक मऊ, चौकोनी पिशवी ठेवता येते. पिशवीत शाल, स्वेटर, घडी केलेली चादर असं दबणारं आणि पाच-सहा इंच उंच भरणारं सामान घाला. विमान वर चढून पट्टा बांधायच्या दिव्याची खूण विझली की पिशवी पुढे ओढून तिच्यावर पावलं टेकवायची, उतरताना पुन्हा समोरच्या सीटखाली ढकलायची. मांडी घालून बसायची सवय असेल तर हातदांडा वर करून, पट्टा कमरेला तसाच ठेवून, एक पाय वर घेऊन अर्धी मांडीही घालता येते. शेजारी बाबाच असतील तर संकोच नाही. मात्र पाय बदलत राहायचे.

सीट निवडताना एक गोष्ट तिकिटावर दिसत नाही. काही खुर्च्यांच्या खाली, पावलांच्या जागी, स्क्रीनची इलेक्ट्रॉनिक पेटी असते. ती पाव जागा खाते आणि पिशवीही नीट बसत नाही. सीटच्या नकाशावर तशी खूण असेल तर ती ओळ सोडा.

आता उठण्याबद्दल, म्हणजे बाबांबद्दल. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस विमानात उठतो तेव्हा बहुतेक वेळा समोरच्या खुर्चीची पाठ धरून स्वतःला ओढतो. समोरचा झोपमोड होऊन वैतागतो, आणि बाबांचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. ते मागे टेकलेल्या खुर्चीच्या खोबणीत असतील तर अजूनच अवघड. यावर सोपा मार्ग आहे, पण तो सहसा कुणी सांगत नाही. वाटेकडेच्या हातदांड्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीजवळ, बऱ्याच खुर्च्यांना एक छोटी कळ असते. ती दाबली की तो हातदांडा वर जातो. मग दोन्ही पाय वाटेत वळवायचे, पावलं जमिनीवर घट्ट टेकवायची, आणि बाजेवरून उठतो तसं उठायचं. गुडघ्याला निम्मा त्रास. अमेरिकेच्या नियमांनुसार तिकडे जाणाऱ्या मोठ्या विमानांत वाटेकडेच्या निदान निम्म्या सीटना असा उचलता येणारा हातदांडा द्यावा लागतो, आणि हा नियम परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. म्हणून सीट ठरवतानाच कंपनीला फोन करून विचारा की उचलता येणाऱ्या हातदांड्याची वाटेकडची सीट कोणत्या ओळीत आहे. चढल्यावर बाबांनी क्रूला एवढंच म्हणायचं, “आर्मरेस्ट वर करून दाखवा.” कळ कुठे आहे ते दिवसा, जागेपणी हाताला कळून ठेवलं की रात्री चाचपडायला लागत नाही. टॉयलेटचंही तसंच. दोन वाटांच्या विमानात धरायच्या दांड्या असलेलं एक तरी मोठं टॉयलेट असतं, ते कोणत्या बाजूला आहे ते चढतानाच विचारून ठेवावं.

दोघांनी कुठे बसायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. सगळ्यात चांगली दोघांची जोडी, जिथे खिडकी आणि वाट दोन्ही आपल्याच घरात राहतात. ए३३० मध्ये कडेला अशा जोड्या असतात. ७७७ मध्ये नसतात असं वाटतं, पण शेवटच्या काही ओळींत विमान निमुळतं होतं आणि तीनच्या जागी दोनच खुर्च्या मावतात. ७७७-३०० च्या तीन-चार-तीन मांडणीत मागे अशा ओळी सापडतात. तिथे खिडकीकडच्या खुर्चीशेजारी थोडी मोकळी फटही राहते, आईंची पिशवी तिथे सुखाने राहते. मागच्या भागात आवाज थोडा जास्त, डोलणं थोडं जास्त, टॉयलेट जवळ. बाबांना टॉयलेट जवळ हवंच आहे. पण अगदी शेवटची ओळ नको, तिची पाठ बऱ्याचदा पुरती मागे जात नाही.

तशी जोडी नाही मिळाली, आणि विमान तीन-तीन-तीनचं असेल, तर मधल्या तिघांची ओळ बघा. बाबा वाटेकडे, आई त्यांच्या शेजारी मधे. तिसरा जो कुणी येईल त्याला त्याची स्वतःची वाट दुसऱ्या बाजूला आहे, तो उठताना तुमच्या आईबाबांना ओलांडत नाही. खिडकीकडच्या तिघांच्या ओळीत हेच उलटं होतं. खिडकीतला अनोळखी माणूस उठला की दोघांना उठावं लागतं, आणि तो संकोचाने उठला नाही तर बिचारा स्वतः अवघडतो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला खिडकीची ओढ असते, मला ती समजते. त्यासाठी नागपूर-दिल्लीचा दीड-दोन तासांचा टप्पा आहे. तिथे आईंना जरूर खिडकी द्या. उड्डाणानंतर खाली वावरं दिसतात, ते बघण्यासारखं असतं. रात्रीच्या पंधरा तासांत खिडकीबाहेर काही नसतं.

काही जण दोघांना वाटेच्या अलीकडे-पलीकडे बसवतात, म्हणजे दोघांनाही वाट. युक्ती चांगली आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या जोडप्याला मी ती सांगत नाही. रात्री दिवे मालवल्यावर आईंना बाबांचा हात लागायला हवा.

पैसे थोडे सैल असतील तर जास्त जागेच्या सीटवर खर्च करण्यापेक्षा प्रीमियम इकॉनॉमीचा, म्हणजे साध्या आणि बिझनेस वर्गाच्या मधल्या वर्गाचा, भाव एकदा विचारा. तिथे पिच ३८ इंचांच्या आसपास, रुंदी १८-१९, आणि बऱ्याच ठिकाणी पोटऱ्यांना किंवा पावलांना टेकू असतो. आईंच्या पायांसाठी तो टेकू मोलाचा. पण तिकीट बरंच महाग होतं, आणि कापसाच्या भावाकडे बघता मी कुणाला ते घ्याच असं म्हणणार नाही. परवडत असेल तर निदान जातानाच्या लांब टप्प्यापुरतं घ्या.

हवेबद्दल थोडं. विमान ३५-४० हजार फुटांवर उडत असलं तरी आतला दाब त्याहून बराच खालच्या उंचीचा ठेवतात. जुन्या बनावटीच्या विमानांत तो ८ हजार फुटांपर्यंत जाऊ शकतो, ७८७ आणि ए३५० मध्ये ६ हजारांच्या आसपास. ६ हजार फूट म्हणजे १,८०० मीटरच्या वर. आपलं चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आणि कळसूबाई १,६४६. म्हणजे नव्यातलं नवं विमान घेतलं तरी आईबाबा कळसूबाईपेक्षा उंच जागी पंधरा तास बसणार. निरोगी माणसाला फक्त थकवा आणि डोकं जड वाटतं, नव्या विमानात तेही कमी. पण आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही. घराण्यात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल आणि आईबाबांची तपासणी झाली नसेल, तर तिकीट काढण्याआधी ती करून घ्या. नुसते वाहक असणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही. आजार असेल तर कमी प्राणवायू आणि कोरडेपणा दोन्ही त्रासदायक, म्हणून डॉक्टरांची लेखी संमती घेतल्याशिवाय निघू नये.

कोरडेपणा तर फारच. आतल्या हवेत ओलावा १०-२० टक्के, आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी असतो तसा. फरक एवढाच की तिथे ऊन लागत नाही, घाम येत नाही, म्हणून तहान लागल्याचं कळत नाही. बाबा लघवीच्या भीतीने पाणी टाळतील, बहुतेक म्हातारे टाळतात. त्यांना समजावून सांगा की वाटेकडची सीट त्यासाठीच घेतली आहे. थोडं थोडं, सतत प्यायचं. बागेतली संत्री सोबत द्यायला हरकत नाही, पण ती विमानातच संपवायची. अमेरिकेत ताजी फळं घेऊन उतरता येत नाही.

पायात रक्ताची गाठ होण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केला की हा धोका जवळपास दुप्पट होतो, तरी तो साधारण ६ हजारांत एकाला एवढाच राहतो. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आईंच्या पायांची सूज आहे तेव्हा दुर्लक्षही नको. पोटऱ्यांवरच्या शिरा फुगलेल्या असतील, पूर्वी कधी गाठ झाली असेल, मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते गुडघ्याखालचे दाबाचे मोजे सुचवतील. मोजे पायाच्या मापाचे घ्यावे लागतात आणि सकाळी, सूज नसताना घालावे लागतात. दुकानातून अंदाजाने आणू नका. बसल्या बसल्या दर अर्ध्या-पाऊण तासाला पावलं वर-खाली वीसेक वेळा हलवायची, शिलाई मशीनचं पायडल मारतात तशी. तुमच्या आईंनी मशीन चालवली असेल तर एका शब्दात समजेल. दर दोन तासांनी एक फेरी, पट्ट्याची खूण विझलेली असताना. आणि कुणी काहीही सांगितलं तरी झोपेची गोळी देऊ नका. गोळी घेतलेला माणूस आठ तास हलतच नाही, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

कपड्यांबद्दल आईंना कदाचित आवडणार नाही, पण सांगतो. साडीच्या निऱ्यांचा आणि परकराच्या नाडीचा गोळा पोटावर येतो, त्यावर पट्टा बसतो आणि काही तासांनी रुततो. सैल पंजाबी ड्रेस बरा. साडीच नेसायची असेल तर सुती, आणि नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर. पट्टा पोटावर घेऊ नये, कमरेच्या हाडावर घ्यावा, आणि पांघरुणाच्या वरून, म्हणजे झोपेत क्रू तपासायला उठवत नाही. चप्पल एक माप सैल.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी तरी. चालता येतं मग कशाला, असं बाबा म्हणतील. मोठ्या विमानतळांवर चालणं फार असतं, आणि व्हीलचेअरसोबत येणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत राहतो.

आता तिकिटाचं. बुकिंगच्या तपशिलात विमानाचा कोड लिहिलेला असतो. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ड्रीमलायनर, ३५९ आणि ३५१ म्हणजे ए३५०, ३३३ म्हणजे ए३३०. दोन तिकिटांत हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर तुमच्या बाबांच्या खांद्यासाठी मी ए३५० घेईन. कंपनी विमान बदलू शकते, आणि विमान बदललं की निवडलेल्या सीटही हलतात. म्हणून निघण्याआधी आठवडाभर रोज एकदा सीट तपासत राहा. परतीचं तिकीटही आत्ताच त्याच हिशेबाने बघा. सहा महिन्यांनी परत येताना नातवाला सोडून येणारी दोन थकलेली माणसं असतील, त्यांना दोन अनोळखी माणसांच्या मधे बसायला लावू नका.

निघायला दोन महिने आहेत, तोवर घरी सराव करून घ्या. एक साधी लाकडी खुर्ची भिंतीला लावा, एका बाजूला धान्याचं पोतं ठेवा, समोर दुसरी खुर्ची, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. बाबांनी रोज दहा वेळा पाय मोकळ्या बाजूला वळवून, कशालाही न ओढता उठायचं. आईंनी पायाखाली ती भरलेली पिशवी घेऊन तासभर बसून बघायचं, कमी-जास्त उंची तिथेच ठरवायची. तिकीट काढलं की विमानाचा कोड आणि ओळीचा नंबर मला कळवा, कोणती ओळ घ्यायची आणि कोणती सोडायची ते बघून सांगतो.